कँटोनीज वाक्प्रचार : अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा

प्रश्न विचारणाऱ्यांची हाँगकाँगला नोकरी ठरली आहे. ॲपवरून कँटोनीजचे बरेच शब्द पाठ झालेत, भाव विचारणं, पत्ता सांगणं, जेवण मागवणं इतपत बोलता येतं. पण तिथली माणसं आपापसांत बोलू लागली की 'त्यानं माझं विमान सोडलं', 'काल लिंबू खाल्लं', 'साहेबांनी त्याचे माकूल परतले' अशी वाक्यं कानावर येतात. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र लागत नाही. म्हणून त्यांनी विचारलंय, शब्दाचा वाच्यार्थ आधी शिकायचा की थेट लक्ष्यार्थच पाठ करायचा?

मी ही भाषा हाँगकाँगमध्ये रोज वापरतो आणि आपल्याकडून तिथे येणाऱ्यांना शिकवतो. माझं उत्तर असं की दोन्ही शिकायचे, पण खरी मेख तिसरीकडेच आहे. शाळेत मराठीच्या पेपरात प्रश्न यायचा, 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' अर्थाला एक गुण, उपयोगाला एक. कँटोनीज शिकणारे बहुतेकजण पहिला गुण मिळवतात आणि दुसरा सोडून देतात. बोलताना अडतं ते तिथेच.

आधी लिपीबद्दल थोडं. कँटोनीज रोमन अक्षरांत लिहिण्याची ज्यूतपिंग ही पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळानं १९९३ मध्ये तयार केली आणि आज बहुतेक शिकणारे तीच वापरतात. ती शिकाच. पण मराठी माणसानं सुरुवातीला शेजारी देवनागरीही लिहावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कँटोनीजमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा फरक अर्थ बदलतो, आणि तो आपल्याला जन्मापासून येतो. रोमनमध्ये 'बी' लिहिलेलं असलं तरी उच्चार 'प'च्या जवळचा असतो, हे इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार उशिरा कळतं. अ आणि आ यांचंही तसंच : सम१ म्हणजे हृदय, साम१ म्हणजे तीन. कै१ म्हणजे कोंबडी, काय१ म्हणजे रस्ता. 'चोर'मधला च तर तिथे जसाच्या तसा आहे. खाली 'फ' म्हणजे 'फळ'मधला आणि 'फ़' म्हणजे 'फोन'मधला. काही स्वर (सोइ, लॉङ, यू) देवनागरीत नेमके बसत नाहीत, ते कानानंच घ्यावे लागतील. अक्षरापुढचा आकडा सुराचा : १ उंच सपाट, २ वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ खाली घसरणारा, ५ खालून जरासा चढणारा, ६ खालचा सपाट. सूर आपल्या भाषेत नाहीत, म्हणून आकडा लिहायचा कंटाळा करू नका. माय५ म्हणजे विकत घेणं आणि माय६ म्हणजे विकणं, इतका तो महाग पडतो.

आता माकूल, म्हणजे स्क्विड. छाउ२ यौ४ यू२ : परतणे आणि माकूल. लक्ष्यार्थ नोकरीवरून काढून टाकणं. गरम कढईत माकुलाचा तुकडा पडला की त्याची गुंडाळी होते. पूर्वी दुकानात, कारखान्यात काम करणारी माणसं तिथेच झोपायची, आणि काढून टाकलेला माणूस आपली वळकटी गुंडाळून चालू लागायचा. त्या वळकटीवरून हा शब्दप्रयोग आला असं सगळेच सांगतात. इतपत कुठल्याही शब्दयादीत मिळतं. पण 'साहेबांनी त्याला काढलं' हे प्रत्यक्षात म्हणतात असं : लोउ५ सै३ छाउ२ चॉ२ खोइ५ यौ४ यू२. शब्दशः 'साहेब, परतले, त्याचे माकूल'. 'झालं' हे दाखवणारा चॉ२ परतण्याच्या क्रियेला चिकटला आणि 'तो' माकुलाच्या आधी येऊन बसला. म्हणजे वाक्प्रचार मधोमध उघडला आणि माणूस त्याच्या आत गेला. तीन शब्द एकत्र पाठ केलेला विद्यार्थी आधी 'परतले-माकूल' म्हणतो आणि मग 'त्याला' कुठे ठेवायचं म्हणून चाचपडतो. ऐकतानाही त्याचं तेच होतं, कारण पाठ केलेला तुकडा सलग ऐकूच येत नाही.

एकदा ही फट दिसली की ती जागोजागी दिसू लागते. फ़ॉङ३ फ़ेइ१ केइ१, विमान सोडणं, म्हणजे भेटायचं ठरवून न येणं. 'त्यानं मला ताटकळत ठेवलं' हे होतं खोइ५ फ़ॉङ३ ङॉ५ फ़ेइ१ केइ१, 'तो सोडतो माझं विमान'. छात३ हाय४, बूट पुसणं, म्हणजे वरिष्ठांची खुशामत. कोणाची, ते पुसणं आणि बूट यांच्या मध्ये येतं. म्हणून वहीत प्रत्येक वाक्प्रचाराखाली किमान दोन वाक्यं हवीत, एकात मी करणारा, दुसऱ्यात माझ्यावर गुदरलेलं. माकुलाचं तर उलटही करता येतं. ङॉ५ छाउ२ चॉ२ लोउ५ सै३ यौ४ यू२, 'मी साहेबांचेच माकूल परतले', म्हणजे मीच राजीनामा तोंडावर मारला. हाँगकाँगमध्ये हे वाक्य मोठ्या अभिमानानं बोललं जातं. आणि रोजच्या बोलण्यात नुसतं परतणं राहतं, माकूल गळूनच जातं. 'त्याला परतलं' एवढंच ऐकलंत तरी नोकरी गेली हे कळायला हवं.

म्हणूनच वाच्यार्थ टाकून देऊ नका असं मी सांगतो. काहीजण म्हणतात की चित्र कशाला, 'परतलं म्हणजे काढलं' एवढं पुरे. पुरत नाही. कँटोनीज बोलणारा माणूस चित्राशी सतत खेळत असतो. सिक६ निङ४ मुङ१, लिंबू खाणं, म्हणजे प्रेमात नकार मिळणं. आता लिंबू खाणारा आहे म्हटल्यावर देणाराही असणारच. म्हणून नकार देणाऱ्या मुलीबद्दल म्हणतात फाय३ निङ४ मुङ१, ती लिंबं वाटते. नुसता लक्ष्यार्थ पाठ केला असेल तर हा दुसरा प्रयोग नव्यानं पाठ करावा लागतो. चित्र डोक्यात असेल तर तो पहिल्याच वेळी समजतो.

व्युत्पत्तीच्या गोष्टी मात्र जपून. ताय६ यी५ लुङ१, 'मोठं कानाचं भोक', म्हणजे जबर व्याजानं पैसे देणारा सावकार. एक गोष्ट सांगते की पूर्वी हिंदुस्थानातून आलेले सावकार कानात मोठ्या बाळ्या घालत. दुसरी सांगते की सावकार कानात नाणं खोचून उभा राहायचा. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लक्षात ठेवायला जी सोयीची वाटेल ती घ्या, पण कोणाला इतिहास म्हणून सांगू नका. ज्याचा इतिहास पक्का आहे असेही शब्द आहेत. माय६ च्यू१ चै२, डुकराची पिल्लं विकणं, म्हणजे एखाद्याला फसवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. करारावर मजूर म्हणून क्यूबा, पेरूला पाठवल्या जाणाऱ्या चिन्यांना 'पिल्लं' म्हणत, आणि मकाव बंदरातून हा व्यापार १८७४ पर्यंत चालला. मॉरिशसला गेलेल्या आपल्या गिरमिटियांची आठवण व्हावी असाच तो काळ. आज हेच शब्द सहलीच्या बसनं मध्येच उतरवून दुसऱ्या बसमध्ये कोंबलेला प्रवासी वापरतो. आतली कडवट चव गेलेली नाही, म्हणून ते चेष्टेतही जरा विचार करूनच वापरा.

सुटे शब्द गोळा करण्याऐवजी कुटुंबं गोळा करा. सगळ्यात आधी पाण्याचं, सोइ२. कँटोनीजमध्ये पाणी म्हणजे पैसा. पॉङ६ सोइ२, पाणी तोलणं, म्हणजे पैसे मोजून देणं. यत१ कौ६ सोइ२, 'पाण्याचा एक गठ्ठा', म्हणजे शंभर डॉलर. तिप६ सोइ२, पाण्याचे थर, म्हणजे गडगंज. च्यू१ लुङ४ यप६ सोइ२, डुकराच्या पिंजऱ्यात पाणी शिरलं : बांबूचा तो पिंजरा सगळीकडून उघडा, बुडवला की चहूबाजूंनी पाणी आत. म्हणजे माणसाला दाही दिशांनी पैसा येतोय. आपल्याकडे 'पाण्यासारखा पैसा' जातो, तिथे तो येतो, हे मला फार आवडतं. पण कुटुंबातही एखादा वेगळ्या घरचा निघतोच. छोइ१ सोइ२, 'पाणी फुंकणं', यात पाणी म्हणजे थुंकी आणि अर्थ गप्पा हाणणं. त्यात पैसा शोधू नका.

दुसरं कुटुंब खाण्याचं, सिक६. सिक६ सेइ२ माउ१, मेलेलं मांजर खाणं, म्हणजे दुसऱ्याचा दोष आपल्या माथी घेणं. (मांजराला तिथेही माउ म्हणतात, हा एक शब्द तरी तुम्हाला फुकट मिळाला.) सिक६ सै१ पक१ फ़ुङ१, वायव्येचा वारा खाणं, म्हणजे उपाशी मरणं. तो थंडीतला वारा, पोटात दुसरं काही नाही. पण क्वालालंपूरमध्ये कँटोनीज बोलणारा माणूस नुसतं सिक६ फ़ुङ१, 'वारा खायला जातो' म्हणाला तर तो मजेत सहलीला चाललाय. तिथल्या मलय भाषेत फिरायला जाण्याला 'वारा खाणं' म्हणतात, त्याचा तो प्रभाव. आपलं महाबळेश्वरला हवा खायला जाणं तेच. सांगायचं एवढंच की शब्द कुठल्या गावी ऐकला ते वहीत लिहा. ग्वांगचौ, हाँगकाँग, मकाव, मलेशिया, सगळीकडची कँटोनीज एक असली तरी सगळीकडचे वाक्प्रचार एक नाहीत.

शरीराच्या कुटुंबात मराठी माणसाला खूप मदत होते आणि तिथेच तो फसतोही. सौ२ कन२, हात आवळलेला, म्हणजे पैशाची चणचण. आपला हात तंग असतो तसंच. सौ२ हन४, हाताला खाज, म्हणजे हात शिवशिवणं. सम१ लॉङ४, हृदय गार, म्हणजे शत्रूची खोड मोडल्यावर काळीज थंड होणं. यित६ हेइ३, 'गरम वायू', हा तर आपल्या आजीचा शब्द : तळलेलं, लिची वगैरे खाऊन अंगात उष्णता झाली, घसा धरला, तोंड आलं की ते हेच म्हणतात आणि लॉङ४ छा४, 'थंड चहा' नावाचा कडू काढा पितात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर तासभर समजावून सांगावं लागतं, आपल्याला 'आंबा उष्ण पडतो' एवढं आठवलं की झालं. पण ङान५ हुङ४, डोळे लाल, म्हणजे राग नव्हे, ती असूया. आणि सिउ२ सम१, 'लहान हृदय', म्हणजे कोत्या मनाचा नव्हे, त्याचा अर्थ 'जपून!' मेट्रोत, जिन्यावर, ओल्या फरशीवर ही पाटी दिवसातून अनेकदा दिसेल. मराठीशी जुळणारे शब्द लगेच लक्षात राहतात, म्हणून मेहनत न जुळणाऱ्यांवर घ्या.

काही वाक्प्रचारांचा अर्धाच भाग बोलला जातो आणि अर्थ न बोललेल्या भागात असतो. दोन प्रेमिकांच्या मध्ये लुडबुडणाऱ्याला तिन६ तङ१ ताम२, विजेचा दिवा, म्हणतात. उजेड पाडतो म्हणून असेल असं वाटतं. पण पुढचा अर्धा भाग आहे म४ थुङ१ हेइ३, 'हवा आरपार जात नाही'. दिव्याची काच बंद असते हे खरंच, पण 'हवा आरपार जाणं' याचा बोलण्यातला अर्थ प्रसंग ओळखून वागणं. दिवा म्हणजे ज्याला प्रसंगाचं भान नाही असा माणूस.

याच जातीचा माझा सर्वांत आवडता म्हणजे वॉङ४ फेइ४ स्यू६ लिउ१ कॉ१, वॉङफेइच्या झाडावरची मैना. वॉङफेइ हे लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातलं, दक्षिण चीनमधलं आंबटगोड फळ. मैना त्या झाडावर बसते आणि म४ सुक६ म४ सिक६, पिकल्याशिवाय खात नाही. आता सुक६ म्हणजे पिकलेलं, तसंच ओळखीचं. म्हणजे हा माणूस ओळखीच्यांनाच खातो, नात्यातल्या, मैत्रीतल्या लोकांनाच गंडा घालतो. एका अक्षराच्या दोन अर्थांवर सगळी म्हण तोललेली आहे. इथे वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ वेगळे करून शिकायचे म्हटलं तर म्हणीत काही उरतच नाही. अशा जोड्यांचा न बोललेला भाग वहीत लिहाच, आणि कोणी पहिला भाग बोलून थांबलं तर दुसरा तुम्ही म्हणून बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो व्याकरण शुद्ध असल्याबद्दल कधी दिसत नाही.

उच्चारसाम्याचा आणखी एक प्रकार आहे, शुभाशुभाचा. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. कँटोनीजमध्ये 'रिकामं' हा हुङ१ आणि 'अशुभ' हाही हुङ१. म्हणून रिकाम्या घराला रिकामं म्हणतच नाहीत, कत१ उक१, 'शुभ घर' म्हणतात, आणि भाड्यानं देण्याच्या पाटीवर तेच छापतात. पुढे 'शुभ' या शब्दाचाच अर्थ रिकामं असा होऊन बसला. 'हाती शुभ आलं' म्हणजे काहीच आलं नाही! जिभेचा जुना शब्द सित६, तोच उच्चार तोट्याचा. म्हणून खाटकाकडे डुकराची जीभ मागताना लेइ६ म्हणायचं, ज्यात नफ्याचा उच्चार आहे. पंचांगाचं नाव 'ग्रंथ'वरून बदलून थुङ१ सिङ३ झालं, कारण ग्रंथ आणि हरणं दोन्ही स्यू१, आणि सिङ३ म्हणजे जिंकणं. दोडक्याच्या नावातही हरण्याची छाया होती, त्याचाही 'जिंकणारा भोपळा' केला. बाजारातले हे शब्द शब्दकोशातल्या शब्दांपेक्षा आधी शिका, कारण भाजीवाली तेच बोलते.

हॉटेलचं म्हणाल तर छा४ छान१ थेङ१, म्हणजे तिथल्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलांत, वेटरची भाषा स्वतंत्रच आहे. चौ२ म्हणजे निघून जाणं, पळणं. चौ२ पिङ१, 'बर्फ पळाला' म्हणजे बर्फ नको. चौ२ थिम४, 'गोड पळालं' म्हणजे साखर नको. हाङ४ काय१, 'रस्त्यानं चाल' म्हणजे बांधून द्या. यून१ यॉङ१, जोडीनं राहणारी मँडरिन बदकं, म्हणजे चहा आणि कॉफी एकत्र. लेङ३ चै२, देखणा पोरगा, म्हणजे साधा पांढरा भात. पण बाजारात विक्रेता गिऱ्हाइकालाही देखणा पोरगा म्हणूनच हाक मारतो, तेव्हा भात आणतोय की तुम्हाला बोलावतोय ते प्रसंगावरून ओळखायचं. हे शब्द शिकायला सर्वांत सोपे. पहिल्या आठवड्यातच वापरा.

काही शब्द ओळखा पण वापरू नका. कोंबडीला 'बोलावणं', म्हणजे मागवणं या क्रियापदासह कै१, याचा बोलण्यातला अर्थ वेश्येकडे जाणं असा होतो. हॉटेलात पदार्थाचं पूर्ण नाव घ्या. चप१ लप१, टोपली उचलणं, म्हणजे धंदा बसणं. दुकान बंद करणाऱ्या म्हाताऱ्या मालकासमोर हा शब्द नको, पाटीवरचा कित३ यिप६ वापरा. आपणही त्याला 'दुकान बुडालं' म्हणणार नाही, 'वाढवलं' म्हणू. आणि आ३ छा१ हा शब्द ऐकलात तर तो आपल्या भागातल्या लोकांसाठीचा हिणकस शब्द आहे. दक्षिण आशियाई माणसाला नीट शब्द नाम४ आ३ योइ६. कोणी सहज म्हणून पहिला वापरला तर दुसरा शांतपणे सांगा, बहुतेक लोक लगेच सुधारतात.

ॲपबद्दल विचारलंय. पत्त्यांच्या ॲपवर पुढे मराठी आणि मागे कँटोनीज असे पत्ते वाक्प्रचारांसाठी करू नका. पुढे प्रसंग लिहा, 'मित्र आलाच नाही', आणि मागे पूर्ण वाक्य. अर्थ तपासायला लोकांनी मिळून लिहिलेला वर्ड्स डॉट एचके हा ऑनलाइन कोश चांगला आहे, त्यात उदाहरणाची वाक्यं असतात. गाण्यांवर फार भिस्त ठेवू नका. कँटोपॉपची बहुतेक गाणी उच्चारानं कँटोनीज असली तरी शब्द प्रमाण लिखित चिनीचे असतात, रोजचे वाक्प्रचार त्यांत कमीच.

त्याऐवजी टीव्हीबी या हाँगकाँगच्या वाहिनीच्या जुन्या मालिका बघा. पात्रं घरगुती कँटोनीज बोलतात आणि खालच्या ओळी सहसा प्रमाण चिनीत असतात. पात्र म्हणतं 'माकूल परतले', खाली 'बडतर्फ केलं' अशा अर्थाचा सरळ शब्द येतो. थोडी अक्षरओळख झाली की कानाला वाच्यार्थ आणि डोळ्याला लक्ष्यार्थ एकाच क्षणी मिळतो. असं वाक्य सापडलं की थांबवा, माणूस वाक्प्रचाराच्या आत बसलाय की बाहेर ते बघा आणि ते वाक्य जसंच्या तसं, सुरांच्या आकड्यांसकट, वहीत उतरवा. एका भागातून दोन वाक्यं मिळाली तरी भरपूर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यातलं एक, करणारा माणूस बदलून, म्हणून बघा.